नेमका शब्द आणि जंगलाचा हक्क

इंग्रजी चांगली येणे म्हणजे काय, या प्रश्नाचे एक उत्तर आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजारपेठांतील शिकवणीवर्गांच्या पाट्यांवर वाचावयास मिळते. ठरावीक दिवसांत अस्खलित संभाषण, मुलाखतीची तयारी, भारदस्त शब्दसंग्रह! बारावी उतरलेला, शेतमजुराचा किंवा तेंदूपाने तोडणाऱ्या बाईचा मुलगा उसनवारीने पैसे उभे करून या वर्गांना जातो. तेथे तो शेदोनशे जड शब्द घोकतो. सोप्या शब्दाच्या जागी अवघड शब्द घातला की भाषा वजनदार होते, असे त्याला शिकविले जाते. त्याची इंग्रजी सुधारते की नाही हा वेगळा प्रश्न. परंतु त्याच्या मनात एक समजूत पक्की होते, की इंग्रजी म्हणजे अंगावर चढविण्याचा साहेबी कोट आहे.

या प्रश्नाचे दुसरेही एक उत्तर आहे. ते भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या दुसऱ्या कलमात सापडते. त्या कलमात ‘ट्री’ म्हणजे झाड या शब्दाची व्याख्या दिली होती आणि तीत ताड, खुंट, झुडपे व वेत यांच्या रांगेत बांबूलाही बसविले होते. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत मानते. जंगलात राहणाऱ्या माणसाचा व्यवहारही बांबूला सागाच्या किंवा ऐनाच्या पंक्तीला बसवीत नाही. कायद्याने मात्र त्याला झाड केले, आणि त्या एका शब्दाने बांबू हा इमारती लाकडासारखा वनखात्याच्या मालकीचा झाला. ज्या बांबूची टोपली, सूप, कुंपण आणि छप्पर करून गडचिरोलीच्या गावांनी पिढ्यान् पिढ्या संसार केले, तो बांबू परवान्याविना तोडणे हा गुन्हा ठरला. त्याच वेळी कागद कारखान्यांना मात्र तोच बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी आणि सवलतीच्या दरांनी मिळत राहिला. गावकरी चोर आणि कारखानदार ग्राहक, ही विभागणी बंदुकीने नव्हे, एका व्याख्येने केली.

तेव्हा इंग्रजी शब्दाच्या निवडीचा प्रश्न हा या दोन जिल्ह्यांत सुसंस्कृतपणाचा किंवा नोकरीच्या मुलाखतीचा प्रश्न नाही. तो मालकीचा प्रश्न आहे.

ही गोष्ट नवी नाही. १८७८ चा वन कायदा घडत असताना बेडन-पॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याने ‘राइट’ आणि ‘प्रिव्हिलेज’ या दोन शब्दांत काटेकोर भेद केला. लोक जंगलातून लाकूडफाटा आणतात, गुरे चारतात, मोह वेचतात, हे त्याला नाकारावयाचे नव्हते. त्याचे म्हणणे एवढेच, की ही वहिवाट म्हणजे हक्क नव्हे. सरकारने सोसलेली ती सवलत आहे. हक्क काढून घ्यावयाचा तर भरपाई द्यावी लागते, सवलत काढून घ्यावयास एक परिपत्रक पुरते. मद्रास इलाख्यातील काही अधिकाऱ्यांनी या युक्तिवादाला विरोध केला होता. पण साम्राज्याच्या सोयीचा शब्द टिकला. या प्रदेशातील ‘निस्तार’ हा जुना, लोकांच्या तोंडचा शब्दही पुढे त्याच चरकातून गेला. लोक त्याला हक्क समजत राहिले आणि कचेरी त्याला मेहेरबानी समजत राहिली. एकाच कागदाचे दोन अर्थ दोन्ही बाजू आपापल्या परीने वाचीत होत्या, आणि ज्याचा अर्थ न्यायालयात टिकतो त्याचाच विजय होत होता.

वनहक्क कायदा, २००६ चे महत्त्व म्हणूनच केवळ त्यातील तरतुदींत नाही, त्याच्या क्रियापदात आहे. हा कायदा आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना हक्क ‘देत’ नाही; असलेले हक्क तो ‘मान्य’ करतो. इंग्रजी मसुद्यात ‘ग्रँट’ हा शब्द न वापरता ‘रेकग्नाइझ’ हा शब्द योजला आहे आणि प्रस्तावनेत वसाहतकाळात व स्वातंत्र्यानंतरही झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली आहे. देणारा हात परत घेऊ शकतो. ओळख पटविणारा हात मात्र फक्त साक्ष देतो. हा फरक ज्याला उमगला तो तहसील कचेरीत अर्जदार म्हणून हात जोडून उभा राहत नाही, दावेदार म्हणून उभा राहतो. दुर्दैवाने मराठी वृत्तपत्रांपासून मंत्र्यांच्या भाषणांपर्यंत सर्वत्र आजही ‘वनपट्ट्यांचे वाटप’ हाच शब्दप्रयोग रूढ आहे. वाटप धान्याचे होते, ब्लँकेटांचे होते. हक्काचे वाटप होत नसते. इंग्रजीत जे मिळविले ते मराठीत गमावण्याचा हा प्रकार आहे.

याच कायद्याने बांबूला ‘मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस’ या सदरात, मध, मेण, लाख आणि तेंदूपाने यांच्यासोबत, स्पष्टपणे नाव घेऊन बसविले. म्हणजे २००६ नंतर देशात दोन कायदे शेजारी शेजारी उभे होते. एक म्हणत होता की बांबू हे झाड आहे, दुसरा म्हणत होता की ते गौण वनोपज आहे. पहिल्या शब्दाप्रमाणे मालक वनखाते, दुसऱ्या शब्दाप्रमाणे मालक ग्रामसभा.

या पेचाचा निकाल ज्या गावाने लावून घेतला ते धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा). गोंडांचे हे छोटेसे गाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची साथ यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु या गावाच्या ज्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेले नाही ती म्हणजे तेथील अभ्यासगट. निर्णय सर्वसहमतीने घ्यावयाचा तर विषय सर्वांना समजला पाहिजे, म्हणून गावाने बसून कायदे वाचले, बाहेरच्या जाणकारांना बोलावून शब्दाशब्दाचा अर्थ विचारला, आणि तो स्वतःच्या भाषेत उलटसुलट तपासून घेतला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने बांबू तोडून विकावयाचे ठरविले तेव्हा वनखात्याने वाहतूक परवाना देण्यास नकार दिला. कारण जुनेच: बांबू हे झाड आहे! गाव हटले नाही. २०११ च्या मार्चमध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज मानण्यास सांगितले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश काढून १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द गाळण्यात आला. या दुरुस्तीचा उद्देश जंगलाबाहेरच्या, खाजगी जमिनीवरील बांबूची वाहतूक मोकळी करण्याचा होता. तरीही एक शब्द वगळावयास देशाला नव्वद वर्षे लागली, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

मेंढ्यातील माणसे शिकवणीवर्गाच्या अर्थाने इंग्रजी ‘बोलणारी’ नव्हती. परंतु ज्या दोन इंग्रजी शब्दांवर आपले जगणे टांगलेले आहे ते दोन शब्द त्यांनी अनेक पदवीधरांपेक्षा अधिक नेमके जाणले. भाषेवरील प्रभुत्वाची याहून चांगली व्याख्या कोणती करावी?

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो समाजवादी विचाराच्या वाचकाच्या मनात अगोदर येईल. इंग्रजी ही मूठभरांच्या मक्तेदारीची भाषा आहे; तिचा अभ्यास वाढवा असे सांगणे म्हणजे त्या मक्तेदारीला शरण जाणे नव्हे काय? डॉ. राममनोहर लोहियांनी ‘अंग्रेजी हटाव’ची हाक दिली ती याच जाणिवेतून. पण लोहियांचा विरोध इंग्रजीच्या ज्ञानाला नव्हता. स्वतः त्यांनी ‘मॅनकाइंड’ हे इंग्रजी नियतकालिक चालविले. सार्वजनिक व्यवहारात, न्यायदानात आणि राज्यकारभारात इंग्रजीने लोकांना दाराबाहेर ठेवावे याला त्यांचा विरोध होता. आणि दार अजून बंदच आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांची कार्यवाही इंग्रजीत चालते. कोरचीच्या किंवा भामरागडच्या माणसाचे प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले की तेथे त्याच्या गोंडीचा, माडियाचा, इतकेच काय मराठीचाही शब्द उरत नाही; उरतो तो कोणीतरी त्याच्या वतीने लिहिलेला इंग्रजी शब्द. ही व्यवस्था बदलली पाहिजे, ही मागणी सोडता कामा नये. पण ती बदलेपर्यंत दावे थांबणार नाहीत, खाणी थांबणार नाहीत. घराला आग लागली असता विहीर आपल्या मालकीची नाही म्हणून पाणी न काढणे हा कोणता बाणा?

याच संदर्भात खुद्द मराठी वाचकाने एक गोष्ट विसरू नये. गडचिरोलीच्या मोठ्या भागात मराठी ही देखील शाळेत आणि कचेरीत भेटणारी भाषा आहे. घरी गोंडी, माडिया, छत्तीसगढी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते; म्हणजे माडिया मुलाच्या पुढ्यात सहाव्या वर्षी दोन परक्या भाषा एकदम येतात. बालशिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की शिक्षणाचे माध्यम, ‘व्यवहार्य असेल तेथवर’, मुलाची मातृभाषा असावे. या चार शब्दांनी मातृभाषेचा हक्क एका हाताने दिला आणि दुसऱ्या हाताने काढून घेतला. कारण काय व्यवहार्य आहे हे मुलाची आई ठरवीत नाही, खाते ठरविते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली तेव्हा ती व्यवहार्य आहे हे गावाने करून दाखविले. शिक्षण खात्याने मात्र ती अनधिकृत ठरविली. शब्दाचा असा सांदीकोपरा ज्याला वाचता येतो त्याचीच शाळा टिकते.

सांदीकोपऱ्यांचा खरा हिशेब खाणींच्या प्रदेशात होतो. पंचायत विस्तार कायदा, १९९६ म्हणजे ज्याला सर्व ‘पेसा’ म्हणून ओळखतात, त्यात अनुसूचित क्षेत्रात भूसंपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी ‘कन्सल्टेशन’ करावे असे म्हटले आहे. कन्सल्टेशन म्हणजे विचारणे. विचारून झाल्यावर उत्तर ऐकलेच पाहिजे असे त्या शब्दात नाही. आणि मधला तो ‘किंवा’? त्या एका अव्ययामुळे गावाला वगळून वरच्या स्तरावरील पंचायतीला विचारले तरी कायद्याचे समाधान होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘कन्सल्टेशन’च्या जागी ‘कन्सेन्ट’ म्हणजे संमती हा शब्द आला. विचारणे आणि संमती घेणे यांतील अंतर म्हणजे सतरा वर्षांचा लढा होय. पण ‘किंवा’ तेथेही कायम राहिला.

पेसा कायद्यात खनिजांविषयीही तरतूद आहे. ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस तेथे बंधनकारक केली आहे. वाचणाऱ्याला वाटते, मिळाले! परंतु ती तरतूद केवळ ‘मायनर मिनरल्स’ म्हणजे गौण खनिजांपुरती आहे. मुरूम, रेती, गिट्टी यांसाठी गावाची शिफारस लागते; लोहखनिजासाठी त्या कलमाखाली लागत नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचा पट्टा २००७ साली दिला गेला. तो डोंगर परिसरातील माडियांच्या ठाकुरदेवाचे ठिकाण आहे. सुरजागड इलाख्यातील अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. ‘गौण’ या एका विशेषणाने त्यांच्या हातातील सर्वांत सोपे हत्यार काढून घेतले होते. विचित्र योगायोग पाहावा: ज्यावर लोकांचे पोट आहे तो बांबू आणि ते तेंदूपान कायद्याच्या भाषेत ‘गौण’, आणि ज्या खनिजातून बाहेरचे धनी होतात ते ‘प्रमुख’. गौण कोणाच्या दृष्टीने, आणि प्रमुख कोणाच्या? शब्दकोश कोणाच्या घरात छापला गेला, हे त्या विशेषणांवरूनच कळते.

तरीही शब्दाने वाट अडते तशी शब्दाने ती मोकळीही होते. ओडिशातील नियमगिरी प्रकरणात १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला तो वनहक्क कायद्यातील सामूहिक व धार्मिक हक्कांच्या शब्दांवर उभा होता. खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवा, असे न्यायालयाने सांगितले, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. डोंगरिया कोंधांनी तो नकार आपल्या भाषेत दिला. पण तो नकार ग्राह्य धरावयास लावणारा युक्तिवाद इंग्रजीत, नेमक्या कलमाला आणि नेमक्या शब्दाला धरून मांडला गेला होता.

मग चांगली इंग्रजी म्हणजे कोणती? या बाबतीत इंग्रजांचे स्वतःचे मत शिकवणीवर्गांच्या नेमके उलटे आहे. जॉर्ज ऑर्वेल या समाजवादी लेखकाने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवर निबंध लिहून दाखवून दिले, की फुगीर भाषा ही बहुधा काहीतरी लपविण्यासाठी वापरली जाते. १९४८ साली सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांची पुस्तिका लिहिली. साम्राज्य आवरते घेत असताना इंग्रज आपल्या कारकुनाला सोपे लिही म्हणून सांगत होता. आणि साम्राज्याने मागे ठेवलेला आपला कारकून मात्र आजही ‘मोस्ट हम्बली’ आणि ‘डू द नीडफुल’ लिहितो आहे. ‘नीडफुल’ म्हणजे काय? कोणी, कोणत्या कलमाखाली, किती दिवसांत काय करावयाचे, हे ज्या अर्जात नाही तो अर्ज फाइलीत निजावयासच जन्माला येतो.

चांगल्या शब्दनिवडीचा धडा गडचिरोलीतच उपलब्ध आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून येथे चालविलेल्या संशोधनाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९८९ च्या लेखात दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळल्याचे नोंदले आहे. ‘पुष्कळ स्त्रिया आजारी आहेत’ असे लिहिले असते तर जगाने हळहळ व्यक्त केली असती आणि पान उलटले असते. ‘दोन गावे, ६५०, ९२ टक्के’ असे लिहिल्यावर जगाला उत्तर द्यावे लागले. १९९९ च्या लेखात ३९ गावांत गावच्याच आरोग्यसेविकांनी घरोघर जाऊन केलेल्या नवजात बालकांच्या सेवेने त्यांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखविले, आणि ती पद्धत पुढे देशाच्या आरोग्यधोरणात आली. या लेखनाचे बळ अलंकारात नाही. नाम नेमके, आकडा नेमका, कर्ता उघड.

कर्ता उघड असणे, हीच खरी कसोटी. सरकारी इंग्रजीला कर्मणी प्रयोग फार प्रिय. ‘दावा अमान्य करण्यात आला आहे.’ कोणी केला? कोणत्या कारणाने? वनहक्क नियमांप्रमाणे अमान्यतेची कारणे दावेदाराला लेखी कळवावयास हवीत. ज्याला कर्मणी वाक्याचा कर्ता शोधता येतो तो हा प्रश्न विचारतो. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे अमान्य झालेल्यांना जंगलातून हटविण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित केला. त्या पंधरवड्यात ‘रिजेक्टेड क्लेमन्ट’ आणि ‘एन्क्रोचर’ हे दोन शब्द जणू एकच आहेत अशा थाटात इंग्रजी वृत्तपत्रे लिहीत होती. ज्याचा दावा नीट तपासलाच गेला नाही, तो दावेदार. आणि दुसऱ्याच्या जमिनीत घुसला, तो अतिक्रमक. या दोहोंतील भेद पुसला गेला तर लाखो घरांचे छप्पर पुसले जाते.

एक धोका मात्र डोळ्यांआड करून चालणार नाही. गावातील एकदोघा तरुणांनाच हे शब्द आले तर गावाला जुन्या दलालाच्या जागी नवा दलाल मिळेल, इतकेच. शब्द ही खाजगी मालमत्ता झाली की तिचाही सावकार होतो. म्हणून हे शिक्षण ग्रामसभेत झाले पाहिजे, आणि त्याचा क्रमही ठरलेला असला पाहिजे: विषय प्रथम गोंडीत किंवा माडियात समजावा, मग मराठीत मांडावा, शेवटी इंग्रजी शब्द निवडावा. जो शब्द गोंडीत परत सांगता येत नाही त्याच्यावर अंगठा किंवा सही पडता कामा नये. गडचिरोलीत २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे. वन, जमीन, खनिज आणि शिक्षण यांच्या कायद्यांतील कळीच्या शब्दांचा गोंडी, माडिया, मराठी आणि इंग्रजी असा कोश, प्रत्येक शब्दाने काय मिळते आणि काय जाते याच्या नोंदीसह, ग्रामसभांच्या हाती देणे हे काम अशा विद्यापीठाला भूषणावह होईल. आश्रमशाळांतील इंग्रजीच्या तासाला डॅफोडिलच्या फुलांबरोबर ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतील फरकही शिकविला जावा. पहिला शब्द अधिकाऱ्याला बांधतो, दुसरा त्याला मोकळा सोडतो. पर्यावरणीय जनसुनावणीपूर्वी प्रकल्पाचा केवळ सारांश स्थानिक भाषेत देण्याची जी पद्धत २००६ च्या अधिसूचनेने घालून दिली आहे, ती बदलून संपूर्ण अहवाल मराठीत आणि त्याचे वाचन गावच्या बोलीत व्हावे, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेने ठरावात घालावी.

शब्दाने सर्व काही होते, असे समजण्याचे कारण नाही. मेंढ्याजवळ योग्य शब्द २००६ पासून होता. परवाना मिळावयास २०११ उजाडले, आणि तोही गाव एकजुटीने उभे राहिले म्हणून. शब्दामागे संघटना नसेल तर तो कागदावरच सुकतो. पण उलटही तितकेच खरे आहे. संघटना आहे, मोर्चे आहेत, तुरुंगवास आहे, आणि शेवटी मागणीपत्रात ‘कन्सेन्ट’च्या जागी ‘कन्सल्टेशन’ लिहून आले, तर इतक्या माणसांची पायपीट एका शब्दात वाया जाते. जंगलातील माणसाने इंग्रजी शिकावी ती साहेबासारखे दिसण्यासाठी नव्हे. साहेबाने लिहिलेल्या वाक्यात आपली जमीन कोठे लपविली आहे, ते शोधून काढण्यासाठी शिकावी.